वाचकांचे प्रश्न : सूक्ष्मनलिकेवरची खूण आणि पेशीची चाल

प्रश्न : आमचे यंत्रमाग आहेत. पेशीतही धाग्यांचे जाळे असते आणि त्या धाग्यांवर रसायन चढले की पेशीचा वेग बदलतो, असे वाचनात आले. चादरीच्या सुताला रंग देतात, तसेच हे असते का?
(एक वाचक, अशोक चौक, सोलापूर)

उत्तर : उपमा बरीच जुळते. फक्त हे सूत पोकळ असते. अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिन या प्रथिनांची जोडी 8 नॅनोमीटर लांबीची. जोडीला जोडी लागत सर तयार होतो आणि साधारण 13 सर एकमेकांना चिकटून 25 नॅनोमीटर जाडीची नळी होते. हीच सूक्ष्मनलिका. ती एका टोकाला वाढते, मध्येच झपाट्याने उसवते आणि पुन्हा वाढू लागते.

सूत विणण्याआधी रंगवता येते आणि विणलेले कापडही रंगवता येते. पेशीत दोन्ही रीती आहेत. अल्फा ट्यूब्युलिनच्या शेपटीच्या टोकाला टायरोसिन हे अमिनो आम्ल असते. नळी तयार झाल्यावर व्हॅसोहिबिन नावाचे विकर (एन्झाइम) ते छाटते. नळी उसवून जोड्या सुट्या झाल्या की टीटीएल हे दुसरे विकर टायरोसिन परत लावते. त्यामुळे बराच वेळ टिकलेली नळी बिनटायरोसिनची आणि ताजी नळी टायरोसिनवाली, असा फरक पडतो. नळ्या उसवणारे एमकॅक हे प्रथिन टायरोसिनवाल्या नळ्यांवर अधिक जोरात चालते, म्हणून छाटलेल्या नळ्या आणखी टिकतात.

आता वेगाचे. मागावरचा धोटा दोन्हीकडे धावतो. नळीवर माल वाहणारे कायनेसिन हे प्रथिन सहसा पेशीच्या बाहेरच्या टोकाकडे जाते, तर डायनिन आतल्या बाजूला येते. कोणता माल कोणत्या नळीवरून जावा, हे ठरायला या खुणांची मदत होते. फायब्रोब्लास्ट (ऊतींना आधार देणारे तंतू बनवणाऱ्या) पेशींच्या थरावर ओरखडा काढला, तेव्हा काठावरच्या पेशींतील बिनटायरोसिनच्या नळ्या ओरखड्याच्या दिशेने वळलेल्या दिसल्या. हे निरीक्षण 1988 सालचे. पेशीला पुढे ढकलण्याचा जोर मुख्यतः ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या तंतूंचा असतो. नळ्या दिशा टिकवतात, माल पोचवतात आणि जमिनीला धरलेली पकड वेळेवर सोडवतात.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात एचडीएसी6 (ट्यूब्युलिनवरची ॲसिटिल गट ही रासायनिक खूण काढणारे विकर) रोखणारे ट्युबास्टॅटिन ए हे औषध वापरले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन किती आहे हे पट्ट्यांतून दाखवणाऱ्या चाचणीत) ॲसिटिलेटेड, म्हणजे ॲसिटिल गट बसलेले, ट्यूब्युलिन खूप वाढले आणि पेशींच्या थरावर काढलेला ओरखडाही उशिरा भरला. ॲसिटिलीकरणामुळे पेशी मंदावतात, असा निष्कर्ष लिहू का? स्लाइडवर मात्र बाकीच्या नळ्या तुटक आणि ॲसिटिलेटेड तेवढ्या ठळक दिसतात.
(एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : इतक्यात लिहू नका. आधी स्लाइडचे बघू, कारण तिथली चूक सहज होते आणि ध्यानात येत नाही. फ्रिजमधल्या गार पीबीएसने (धुण्याच्या खारट द्रावणाने) पेशी धुतल्या असाव्यात. थंडीने साध्या नळ्या काही मिनिटांत विरघळतात, पण ॲसिटिलेटेड नळ्यांपैकी पुष्कळ टिकून राहतात. मग औषध न देताही स्लाइड ॲसिटिलीकरणाने भरलेली दिसते. पीबीएस, बफर आणि फिक्सेटिव्ह (पेशी आहेत त्या स्थितीत पक्क्या करणारे द्रावण) 37 अंशांवर आणूनच वापरा. बाहेर मे महिन्याचे ऊन 40 अंशांच्या वर असले, तरी एसी खोलीतली बाटली 22 अंशांचीच असते. मिथेनॉल वापरणार असाल तर ते उणे 20 अंशांचे हवे, पण ते ओतण्याआधी गार धुणे नको.

ओरखड्याचा प्रयोग असा करा. पेशींचा थर पूर्ण भरू द्या. प्लेटच्या तळाला बाहेरून मार्करने आडवी रेघ मारा, म्हणजे दर वेळी त्याच जागेचा फोटो मिळेल. 200 मायक्रोलिटरच्या निर्जंतुक टिपने एकाच दाबाने ओरखडा काढा आणि सुटलेल्या पेशी दोनदा धुऊन टाका. त्या राहिल्या तर पुन्हा चिकटतात आणि ओरखडा भरल्यासारखा वाटतो. मीडियममधले (पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवातले) सीरम 1 टक्क्यावर आणा, नाहीतर पेशींची संख्या वाढूनच जागा भरते आणि तुम्ही त्याला चाल समजता. फोटो 0, 6, 12 आणि 24 तासांनी घ्या. रुंदीऐवजी क्षेत्रफळ मोजा, कारण काठ कधीच सरळ नसतो. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवले असेल, तर तुलनेच्या वेलमध्येही (प्लेटच्या खाचेतही) तेवढेच डीएमएसओ घाला. दिवसात वीज गेली आणि मीडियम जांभळट झाले, तर कार्बन डायऑक्साइड कमी पडून पीएच चढला आहे. ती प्लेट मोजू नका, कितीही जीव लावलेला असला तरी.

ब्लॉटसाठी लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) ट्रायकोस्टॅटिन ए आणि निकोटिनामाइड दोन्ही घाला. पहिले एचडीएसी6 ला रोखते, दुसरे सर्टुइन2 ला. ही दोन्ही विकरे ट्यूब्युलिनवरचा ॲसिटिल गट काढतात आणि पेशी फुटल्यावरही काम करत राहतात. ॲसिटिलेटेडसाठीची 6-11बी-1 आणि एकूण अल्फा ट्यूब्युलिनसाठीची डीएम1ए या दोन्ही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणारी प्रथिने) उंदराच्या आहेत. एकाच पट्टीवर एकीमागून एक लावल्या, तर 50 किलोडाल्टनच्या आसपासचा तोच पट्टा दोनदा दिसतो. स्वतंत्र पट्ट्या घ्या.

मूळ प्रश्न कार्यकारणाचा. ॲसिटिल गट अल्फा ट्यूब्युलिनच्या 40व्या जागेवरील लायसिनवर बसतो, तोही नळीच्या आतल्या पोकळीत. एचडीएसी6 वाढवले की ॲसिटिलीकरण घटते आणि पेशी जास्त हलतात, हे 2002 मध्ये दिसले. 2003 मध्ये एचडीएसी6 रोखणाऱ्या ट्युबासिनने त्याच्या उलट परिणाम दाखवला. तुमचे निकाल याच ओळीत आहेत. पण एचडीएसी6 फक्त ट्यूब्युलिनवर काम करत नाही. कॉर्टॅक्टिन या प्रथिनावरचा ॲसिटिल गटही ते काढते, आणि कॉर्टॅक्टिन तर ॲक्टिनच्या जाळ्याचाच भाग. मग मंदावले कशामुळे? शिवाय मेंदूतील ॲस्ट्रोसाइट पेशींत 2019 मध्ये नेमके उलटे दिसले : ॲसिटिलीकरणाने जमिनीवरच्या पकडी धरण्या-सोडण्याची उलाढाल वाढते आणि पेशींची चाल सुधारते. म्हणून ॲसिटिल गट लावणारे एटॅट1 हे विकर कमी करून पाहा, किंवा 40व्या जागी लायसिनऐवजी आर्जिनिन असलेले ट्यूब्युलिन पेशीत घाला. त्यावर ॲसिटिल गट बसूच शकत नाही. अशा पेशींनाही औषधाने तेवढाच मंदपणा आला, तर कारण ट्यूब्युलिनबाहेर शोधावे लागेल. तोवर ‘औषधाने ॲसिटिलीकरण वाढले आणि ओरखडा उशिरा भरला’ एवढेच लिहा.

प्रश्न : वातरक्तासाठी (गाऊटसाठी) वडिलांना कोल्चिसिन दिले आहे. शेताच्या बांधावरच्या कळलावीत तेच असते म्हणे. मग कंदच उगाळून दिला तर?
(एक वाचक, मोहोळ)

उत्तर : अजिबात देऊ नका. कळलावीत कोल्चिसिन असते हे खरे, पण एका कंदात किती हे नुसते पाहून कळत नाही, आणि उपयोगी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. कोल्चिसिन ट्यूब्युलिनच्या जोडीला चिकटून नळीची वाढ अडवते. गोळीच्या मात्रेत सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची धाव त्यामुळे कमी होते. मात्रा वाढली की आतड्याच्या आणि अस्थिमज्जेच्या, सतत विभागणाऱ्या पेशींना फटका बसतो. जुलाब आणि उलट्या ही पहिली खूण. त्या दिसल्या तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना गाठा. वडिलांना मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. दोन्हींमुळे हे औषध शरीरात साचते.