मुलगा दिवसभर 'सर्च' बनवत बसतो, कोर्स लावू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा इंदूरलाच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लॅबच्या सर्व्हरवर जी सॉफ्टवेअर पॅकेजेस साठवून ठेवलीत त्यातलं हवं ते शोधायला एक पेज बनवतोय, आणि एवढे दिवस खपून दाखवायला काय तर एक चौकोन नि एक बटण. म्हणून त्याच्या बाबांना वाटतं की भंवरकुआंला एआयचा कोर्स लावावा, नाहीतर सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसमध्ये याला कोण घेणार.

मला तर पत्र वाचून आनंद झाला. तो चौकोन साधा ठेवणं हेच तर अवघड काम आहे हो! डेबियन, उबंटू या लिनक्स सिस्टिममध्ये ॲप्ट-कॅश नावाची कमांड हेच करते, पॅकेजची यादी कॉम्प्युटरवरच असते, तिला विचारायचं. पण ती नाव आणि वर्णन दोन्हीत शोधते, म्हणजे 'पीडीएफ' टाकलं की भलीमोठी यादी, फक्त नावात शोधायचं तर वेगळा ऑप्शन, अमुक पॅकेजवर कोण कोण अवलंबून आहे ते विचारायचं तर वेगळी सबकमांड. 2014 मध्ये मग रोजच्या वापरातल्या कमांड्स एकत्र करून नुसतं 'ॲप्ट' आणलं, लोकांना सोपं जावं म्हणून.

आता पुढचं त्याला वाचून दाखवा. बाळा, कोड बाजूला ठेव आणि ज्युनिअर पोरं लॅबमध्ये खरंच काय विचारतात ते वहीत लिही. "जावा 17 आहे का?" याचं उत्तर नावात मिळतं, पण "मॅटलॅबसारखं फुकटातलं काय आहे?" याचं उत्तर ऑक्टेव्ह हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, आणि ते वर्णन चाळल्याशिवाय सापडायचं नाही. म्हणून नाव जुळलेली वर, वर्णनात जुळलेली खाली. काहीच नाही सापडलं तर कोरं पान दाखवू नकोस, जवळच्या स्पेलिंगची नावं दे. यादी शेवटची कधी अपडेट झाली ती तारीखही दिसू दे, ही साठवलेली यादी, म्हणजे कॅश, शिळी असली की लोक उगाच तुझ्या सर्चला नावं ठेवतात. आणि डेटाबेसला विचारायच्या क्वेरीत 'लाइक' वापरून, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावून शोधत असशील तर दर वेळी सगळ्या ओळी वाचल्या जातात, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमधली मजकूर शोधायची सोय, एफटीएस5, बघ. युजरनं टाइप केलेलं थेट क्वेरीत चिकटवायचं नाही, पॅरामीटर म्हणून वेगळंच द्यायचं, इंटरव्ह्यूत हे हमखास विचारतात.

ताई, बॅकएंड म्हणजे वेबसाइटची पडद्यामागची बाजू, सर्च, डेव्हलपर टूल्स म्हणजे प्रोग्रामरांची साधनं, या सगळ्या कामांत हीच समज लागते. मोठ्या कंपन्यांच्या भरतीत ॲप्टिट्यूड आणि कोडिंगची टेस्ट असते, ती काही चुकत नाही, रोज तासभर त्याला द्यायलाच हवा. कोर्सची फी मात्र सध्या भरू नका. आधी हे पेज लॅबमध्ये सुरू होऊ दे, आणि पोरं काय टाइप करतात नि कुठे रिकाम्या हातानं परत जातात त्याची नोंद त्यानं ठेवावी, रेझ्युमेत 'सर्च टूल बनवलं' एवढंच न लिहिता ती नोंद बघून काय बदललं तेही लिहावं.