म्युनिकच्या थंडीत ई-सायकलची बॅटरी लवकर संपते. ती खराब झाली का? थंडीत तिची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय, की सप्टेंबरात एका चार्जिंगमध्ये 60 किलोमीटर व्हायचे आणि आता जानेवारीत 40 झाले की शेवटचा दिवा लुकलुकायला लागतो. सायकल रात्री अंगणातल्या शेडमध्ये असते, चार्जिंगही तिथेच होतं. यातल्या पहिल्या गोष्टीने घाबरू नका. दुसरी मात्र आजच थांबवा.

थंडीत खोबरेल तेलाच्या बाटलीचं जे होतं, तसंच काहीसं बॅटरीच्या आत होतं. सेलमधला द्रव घट्टसर होतो, लिथियमचे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे कण, रेंगाळतात, विजेला होणारा आतला अडथळा वाढतो. चढावर मोटरने जोर मागितला की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि बॅटरीत वीज शिल्लक असूनही मोटर बंद पडते. शून्याच्या आसपास पाव ते तिसरा हिस्सा पल्ला कमी होणं नेहमीचंच आहे. त्यात टायरमधली हवा आकसते, अंगावर जाड कपडे असतात. तेही वीज खातात. बॅटरीला ऊब मिळाली की गेलेला पल्ला परत येतो. उणे 10 मध्ये सायकल चालवल्याने बॅटरी मरत नाही.

ती मरते गारठलेली असताना चार्ज केल्यावर. चार्जिंग होताना लिथियमला सेलमधल्या ग्राफाइटच्या (एका प्रकारच्या कार्बनच्या) थरांमध्ये शिरायचं असतं. कडक वाळलेल्या जमिनीवर जोराचा पाऊस आला तर पाणी मुरत नाही, वरूनच वाहून जातं. शून्याखाली लिथियमही तसं आत मुरत नाही, पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. साचलेलं बरंचसं पुन्हा कामाला येत नाही. क्षमता कायमची जाते, आणि त्या धातूचे काटे वाढून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो.

चांगल्या बॅटरीतलं सर्किट शून्याखाली चार्जिंग रोखतं. माझ्या पहिल्या बॅटरीत तापमानाचा सेन्सरच नव्हता. साध्या सायकलला मोटरचं किट बसवून घेतलं होतं, बॅटरी स्वस्तातली. आगीच्या भीतीने ती घरात नको वाटायची, म्हणून पूर्ण जानेवारी गॅलरीत रात्रभर चार्जरला लावली. बाहेर उणे 6, कधी उणे 8. रोज सकाळी हिरवा दिवा दिसायचा, त्यामुळे शंकाही आली नाही. एप्रिलमध्ये ऊन आलं, झाडांना पालवी फुटली, पल्ला मात्र आला नाही. 45 किलोमीटर जाणारी बॅटरी 28 वर अडकली ती अडकलीच.

आता हा माझा इथला सहावा हिवाळा. ईझार नदीच्या काठाने शेजारच्या गार्शिंग गावापर्यंत रोज जातो आणि बॅटरी रोज काढून वर घरात आणतो. अडीच-तीन किलोचं ओझं आहे, पण सवय होते. आणल्या आणल्या चार्जरला लावत नाही. बाहेरून आत आलं की चष्म्यावर जशी वाफ धरते, तसा ओलावा गार बॅटरीवरही धरतो. दोन तास कोरड्या जागी ठेवतो, जेवणं उरकतात, मग चार्जिंग. हीटरवर ठेवून किंवा हेअर ड्रायरने लवकर गरम करायला जाऊ नका. चार्जर फरशीवर, जवळ पडदे-गाद्या नाहीत, घरात धुराचा अलार्म आहे आणि झोपायच्या आधी प्लग काढायचा. सकाळी सायकल बाहेर काढल्यावरच बॅटरी बसवायची. चालवताना तिची स्वतःचीच थोडी ऊब तयार होते. ती टिकावी म्हणून वरून निओप्रीनचं (जाड रबरी कापडाचं) कव्हर घातलं तर उत्तम. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून बॅटरीचे संपर्क दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसतो.

सुट्टीत महिनाभर भारतात जाणार असाल तर फुल्ल चार्ज करून ठेवू नका, रिकामीही सोडू नका. निम्म्याच्या आसपास, म्हणजे 30 ते 60 टक्क्यांवर, 10 ते 20 अंशांच्या कोरड्या खोलीत ठेवा. सोबत नेता यायची नाही: प्रवासी विमानात 160 वॉट-तासांच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही आणि ई-सायकलची साधारण 400-500 ची असते.

तुमचं शेडमधलं चार्जिंग किती दिवस चाललं आणि तेव्हा पारा किती होता, यावर नुकसान ठरेल. बॅटरी फुगली असेल, वेगळा वास येत असेल किंवा चार्जिंगला नेहमीपेक्षा जास्त तापत असेल, तर ती वापरू नका, दुकानात परत द्या. तसं काही नसेल तर थोडं थांबा. आल्प्सवरून फ्योन नावाचा उबदार वारा सुटला की इथे भर हिवाळ्यातही पारा 12-15 वर जातो. आदल्या रात्री घरात फुल्ल चार्ज करून त्या दिवशी नेहमीच्याच रस्त्याने, असिस्टच्या, म्हणजे मोटरच्या मदतीच्या, त्याच पातळीवर चालवून बघा. 55 च्या आसपास गेलात तर तुमची बॅटरी शाबूत आहे.