सशांच्या शेडसाठी एफडी मोडू का? आधी उन्हाळ्याचा हिशोब करा

प्रश्न थोडक्यात असा. लिहिणारे दादा गरम हवेच्या भागात राहतात, नोकरी चालू आहे, घराचा हप्ता चालू आहे. एका विक्रेत्याने त्यांना मांसासाठीच्या सशांचं पॅकेज सांगितलंय: ३० माद्या, १० नर, जात न्यूझीलंड व्हाइट, पण "उष्णतेला सरावलेली खास लाइन" म्हणून नेहमीच्या दुप्पट भाव. शेड आणि पिंजरे त्याच्याकडूनच घ्यायचे आणि पिल्लं तोच परत विकत घेणार. निम्मे पैसे एफडी मोडून, निम्मे कर्ज काढून, आणि हप्ता तिसऱ्या महिन्यापासून सुरू. माहितीपत्रकात लिहिलंय की एक मादी वर्षाला ८ वेळा विते, दर वेताला ८ पिल्लं, म्हणजे ६४ पिल्लं, आणि दीड वर्षात पैसे वसूल. शेवटी विचारलंय, "ताई, एफडी मोडू का?"

नका मोडू, दादा. ससेपालन वाईट आहे म्हणून नाही, तर ह्या कागदावर उन्हाळाच नाहीये म्हणून.

आधी जातीचं बोलू, कारण दुप्पट पैसे तुम्ही जातीच्या नावाला देताय. न्यूझीलंड व्हाइट मांसासाठी चांगलीच जात आहे, त्यात वाद नाही. नाव न्यूझीलंडचं असलं तरी ही तयार झाली अमेरिकेत. पूर्ण वाढलेला प्राणी ४ ते ५ किलोचा, पिल्लं भराभर वाढतात, मादी आई म्हणून चांगली. पण मोठं अंग आणि दाट केस ह्या दोन गोष्टी थंड हवेत फायद्याच्या आणि उन्हात नेमक्या उलट. सशाला घाम जवळजवळ येतच नाही, अंगातली उष्णता तो बाहेर टाकतो ती मुख्यतः कानांतून आणि धापा टाकून. त्याला बरं वाटतं साधारण १५ ते २० डिग्रीत, ३० च्या वर त्रास सुरू होतो, आणि ३५ च्या वर गेलं की शरीराचं तापमान त्याला सांभाळता येत नाही. दमट हवा असेल तर त्याच्याही आधी, म्हणून अभ्यासक सशांसाठी नुसतं तापमान न बघता तापमान आणि आर्द्रता एकत्र करून एक निर्देशांक काढतात. तो २७.८ च्या खाली असेल तर ताण नाही आणि ३० च्या वर गेला तर फारच तीव्र. ३२ डिग्री आणि ५० टक्के आर्द्रता एवढ्यावरच तो २९.३ येतो, म्हणजे आपण "आज बरं आहे" म्हणतो त्या दिवशी ससा हाशहुश करत पडलेला असतो.

उष्णतेला टिकणाऱ्या लाइन (म्हणजे जातीतलेच निवडून वाढवलेले वंश) नसतातच असं मी म्हणत नाहीये. टेक्सासमध्ये किंग्सव्हिलच्या विद्यापीठात मुद्दाम गरम हवेसाठी निवड करून ससे तयार केलेत, टॅमक म्हणतात त्यांना, विद्यापीठाच्या नावाच्याच आद्याक्षरांवरून. म्हणजे हे होऊ शकतं, पण ते पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवून आणि उन्हातच निवड करून होतं. पांढरा ससा आणि लाल डोळे बघून तो सरावलेला आहे की गेल्या महिन्यात थंड भागातून आणलाय, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. म्हणून विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागा: सगळ्यात गरम तीन महिन्यांतली माद्यांच्या नोंदींची कार्डं. कधी नर दाखवला, गाभण राहिली का, किती पिल्लं झाली, किती जगली. कार्ड असेल तर जास्त भावाचा विचार करू. कार्ड नसेल तर ती साधी न्यूझीलंड व्हाइट आहे आणि साध्याच भावाने घ्यायची.

आता ते ६४. गरम हवेत मी मादीमागे वर्षाला ५ वेतं धरते, वेताला ६ पिल्लं, म्हणजे ३०. दूध तोडेपर्यंत चारात एक जातं, राहिली साडेबावीस, आणि पुढे विक्रीपर्यंत आणखी दहा टक्के गेली की हातात उरली २०. चौसष्ट कुठे आणि वीस कुठे. हे मी मुद्दाम घाबरवायला नाही करत आहे, चांगलं लक्ष देणाऱ्याचा मधल्या पट्टीचा हिशोब आहे हा. मनापासून करणारा २५-२८ पर्यंत नेईलही, पण पहिल्या वर्षी नाही.

खाद्याचं गणित तर घरी बसल्या करता येईल आणि त्यात कुठला भाव माहीत असायचीही गरज नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू साधारण ६०० ग्रॅमचं असतं, ते २ किलोचं करायला ५ किलोच्या आसपास पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) जातात. थंडीत ते दहा-अकरा आठवड्यांत होतं, उन्हाळ्यात ससा खातच नाही म्हणून तेरा-चौदा किंवा जास्तच लागतात. वीस पिल्लांचे १०५ किलो धरा, त्यात मादीचं स्वतःचं वर्षभराचं आणि नराचा वाटा मिळून ९५, झाले २०० किलो. विकले किती? वीस पिल्लं गुणिले दोन, ४० किलो जिवंत वजन. म्हणजे एक किलो ससा विकायला पाच किलो पेलेट. आणि खाद्य हा एकूण खर्चाचा ६०-७० टक्के भाग असतो, बाकी औषधं, वीज, पिंजऱ्याची झीज, हे धरलं तर एक किलो जिवंत सशाचा भाव हा पावणेआठ किलो पेलेटच्या भावाएवढा आला तर तुम्ही बरोबरीला आलात, तेही स्वतःची मजुरी शून्य धरून आणि कर्जाचं व्याज न धरता. तुमच्याकडचे दोन भाव घ्या आणि भागून बघा. माहितीपत्रकातल्या ६४ पिल्लांवर हाच हिशोब केला तर एका किलोला साडेतीन किलो पेलेट येतात, म्हणून तो कागद इतका गोड दिसतोय. हिरवा चारा घरचा असेल तर पेलेट कमी होतील, पण नुसत्या चाऱ्यावर वाढ मंदावते आणि विक्री लांबते, ते फुकट नसतं.

पण माझी खरी भीती नफ्याची नाहीये, हप्त्याची आहे.

विक्रेते बहुतेक वेळा तीन महिन्यांची जनावरं देतात. ह्या जातीची मादी पहिल्यांदा नर दाखवायला पाच-सहा महिन्यांची लागते. तिथून गाभण ३१ दिवस, मग पिल्लं विकण्याजोगी व्हायला तीन महिने. सगळं सुरळीत झालं तरी पहिला पैसा सहा-सात महिन्यांनी दिसणार आणि हप्ता तिसऱ्या महिन्यापासून. मधले चार महिने हप्ता पगारातून आणि खाद्यही पगारातून, घराचा हप्ता आहेच.

ह्यात उन्हाळा आला की काय होतं ते बघा. उष्णतेचा पहिला फटका नराला बसतो, बाहेरून ठणठणीत दिसतो, उड्या मारतो, पण वीर्य खराब झालेलं असतं, आणि नवीन चांगलं वीर्य तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात, त्यामुळे ऊन संपलं तरी माद्या रिकाम्याच राहतात आणि माणूस मादीला दोष देत बसतो. समजा कडक ऊन तीन महिने. उन्हाच्या सुरुवातीला शेवटच्या ज्या माद्या गाभण राहिल्या त्यांची पिल्लं चौथ्या महिन्यात विकली जातील. नर परत कामाला येणार पाचव्या महिन्यात, त्यांची पिल्लं जन्मणार सहाव्यात, विकली जाणार नवव्यात. चौथा ते नववा, पाच महिने विक्री नाही आणि ४० प्राणी रोज खातायत. बँकेला हे सांगून चालत नाही की नर उन्हाने बसलाय.

शिवाय एक वाईट दुपार असतेच. वीज गेली, पंखे बंद, पत्रा तापलेला, आणि व्यायला आलेल्या माद्या सगळ्यात आधी जातात. म्हणजे नुसती मादी नाही, तिचं पुढचं वेतही गेलं.

नरांवरून आठवलं, ३० माद्यांना १० नर कशाला? आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो, गरम हवेत राखीव धरून ५-६ ठेवा फार तर. उरलेले चार-पाच नर तुमच्या शेडमध्ये काही कामासाठी नाहीयेत, ते विक्रेत्याच्या बिलासाठी आहेत. हे वाचून मला त्या पॅकेजबद्दल जे कळायचं ते कळलं.

आणि परत खरेदीची हमी. विक्रेत्याला सरळ विचारा की घेतलेली पिल्लं तुम्ही पुढे कोणाला देता. उत्तर हॉटेल, मटण दुकान, कत्तलखाना असं आलं तर त्यातल्या दोघांशी स्वतः बोला. उत्तर "नवीन शेतकऱ्यांना ब्रीडर म्हणून" असं आलं तर मग मांसाचा धंदा कुठे आहे ह्यात? नवीन लोक येतायत तोवर भाव मिळेल, यायचे थांबले की फोन उचलणं बंद. करारात भाव किलोवर आहे का, कमीत कमी किती वजनाला घेणार, तुमची पिल्लं उशिरा वाढली तर काय, आणि नाही घेतली तर भरपाई कोण देणार, हे चारही लिहिलेलं नसेल तर ती हमी नाहीये, आश्वासन आहे.

मग करायचंच असेल तर? तुमच्या पत्रातून दिसतंय की मन बसलंय त्यावर, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. ५ माद्या आणि २ नर घ्या. एकमेकांच्या नात्यातले नकोत. पैसे बचतीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नाही, कर्ज अजिबात नाही, आणि सहा महिन्यांचा घरखर्च (घराचा हप्ता धरून) आधी बाजूला, तो तुमच्याकडे आत्ता नाहीये असं तुम्हीच लिहिलंय. तिथल्या मातीत वाढलेल्या लहान-मध्यम आकाराच्या माद्या मिळाल्या तर त्यातल्या दोन घ्या आणि त्यांना न्यूझीलंड व्हाइट नर दाखवा. पिल्लं थोडी हळू वाढतील पण संकरात जगण्याचं प्रमाण सहसा सुधारतं, आणि गरम हवेत मेलेल्या जलद पिल्लापेक्षा जगलेलं सावकाश पिल्लू जास्त पैसे देतं. शेडवर पैसे घालायचे तर पिंजऱ्याच्या चमकेवर नाही, छपरावर घाला: उंच, वरून पांढरं, दोन्ही बाजू उघड्या, झाडाची सावली असेल तर उत्तमच. पाणी भरपूर, पिल्लं पाजणारी मादी दिवसाला दीड-दोन लिटर सहज पिते. खाद्य संध्याकाळी उशिरा द्या, रात्री गारव्यात खातात. पाण्याचा कूलर कोरड्या हवेतच उपयोगाचा, दमट भागात तो उलट त्रास वाढवतो. आणि सगळ्यात गार कोपरा नरांना.

एक पूर्ण उन्हाळा काढा. पाच माद्यांची मिळून वर्षात शंभर पिल्लं विकली गेली आणि वरचं पावणेआठचं गणित जमलं, तर पुढच्या वर्षी वीस माद्यांचं बोलू, तेव्हा कर्जाचाही विचार करता येईल, कारण तुमच्या हातात तुमचीच कार्डं असतील. साठच विकली गेली तर प्राणी विकून मोकळे व्हा, एफडी जागेवर असेल.

आत्ता विक्रेत्याला एवढंच सांगा की दोन महिन्यांनी कळवतो. ऑफर "ह्या आठवड्यापुरतीच" आहे म्हणाला तर जाऊ द्या. तोपर्यंत जिथे शेड करायचंय तिथे पिंजऱ्याच्या उंचीवर एक साधा थर्मामीटर आणि आर्द्रतामापक टांगा, रोज दुपारी तीनला आकडे वहीत लिहा आणि महिन्याभराने ते पान मला पाठवा.