उसाचं हिरवं पान काढू नका, आणि तोडीच्या तोंडावर युरिया नको

राम राम मंडळी, या आठवड्यात उसाचेच मेसेज जास्त आलेत, त्यातले दोन घेतो. कराडकडच्या एका दादांनी विचारलंय की चारा संपत आलाय, उभ्या उसाची हिरवी पानं काढून म्हशींना घातली तर चालेल का. दुसरा प्रश्न, तोड दोन महिन्यांवर आलीय, आता युरिया टाकला तर वजन वाढेल का.

दादा, वाळलेला पाला खुशाल काढा आणि सरीतच पसरा, पण हिरव्या पानाला हात लावू नका. आपण म्हणतो ऊस खतावर वाढतो, पण उसातलं पाणी सोडलं तर बाकीचं जवळजवळ सगळं वजन हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यातनंच तयार झालेलं असतं, खताचा वाटा त्यात अगदी थोडा. पानातलं हरितद्रव्य ऊन पकडतं, त्या ऊर्जेवर पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर जातो आणि कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते, मग तीच साखर पानातनं खाली उतरून कांडीत साठते. कांडी म्हणजे कणगी समजा. हिरवी पानं ओरबाडलीत तर कणगीत टाकणारंच कोणी राहत नाही, वरची आठ-दहा पानं तर राहिलीच पाहिजेत. म्हशींना सध्या मका नाहीतर विकतचा मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) बघा, तोड सुरू झाली की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळेलच.

उसाचं पान साधं नाही बरं का. 1965 साली हवाईतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की उसाच्या पानात कार्बन आधी चार कार्बनच्या आम्लात अडकतो, मग आतल्या पेशींत नेऊन सोडला जातो आणि तिथं साखर होते, त्यामुळे कडक उन्हात भात-गहू दमतात तिथं ऊस जोरात काम करतो. म्हणून मी चार-पाच फुटी सरीचा आग्रह धरतो, खालच्या पानांनाही ऊन मिळायला पाहिजे ना. आणि जुलै-ऑगस्टला आठ-आठ दिवस ढग राहिले की ऊस थांबल्यासारखा वाटतो तो उन्हावाचून, तिथं टॉनिकच्या बाटल्या ओतून काही होत नाही.

आता युरिया. टाकू नका. थंडी पडली, पाणी बेताचं झालं की वाढ मंदावते पण ऊन असतंच, मग पानात बनलेली साखर खर्च न होता कांडीत जाते, ऊस पिकतो तो असा. ऐन अशा वेळी युरियातलं नत्र दिलं की ऊस पुन्हा हिरवागार होतो, पाणकोंब (उशिरा फुटणारे पाणचट कोंब) फुटतात आणि साठलेलीच साखर मोडून नवी पानं काढायला लागतो. तुम्ही म्हणाल साहेब, पैसे तर वजनाचे मिळतात! बरोबर आहे, रिकव्हरी, म्हणजे उसातनं निघणाऱ्या साखरेचा टक्का, सगळ्या कारखान्याची सरासरी धरतात, तुमच्या एकट्याची नाही, पण एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, त्याच सरासरीवर ठरते आणि सगळ्यांनीच असं केलं तर दर सगळ्यांचाच उतरतो. नत्राचा शेवटचा हप्ता मोठ्या बांधणीला (उसाच्या बुडाला मातीची मोठी भर लावतो तेव्हा), त्यानंतर नाही.

तोड जमिनीलगत घ्या, खालच्या कांड्या आधी पिकतात, साखर तिथंच जास्त. आणि तुटलेला ऊस फडात पडू देऊ नका, शक्यतो 24 तासांत गाळपाला जाऊ द्या, कारण तोडल्यावरही आतली साखर मोडतच राहते.