समुद्रात लोह टाकून मासे आणि देवमासे पुन्हा वाढवता येतील का?

थोडे फार वाढतीलही, कारण मासे-देवमाशांच्या अन्नसाखळीची सुरुवात वनस्पतीप्लवकांपासून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून होते, आणि लोह हे त्यांचं खत. पण नुसतं लोह टाकून भागत नाही. याचा धडा आपल्या गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेच घेतलाय. 2009 मध्ये जर्मन शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी 'पोलारश्टेर्न' जहाजावरून दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यातल्या सुमारे 300 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचं द्रावण सोडलं. प्रयोगाचं नावच 'लोहाफेक्स', त्यातलं 'लोहा' आपलंच!

दोन आठवड्यांत सूक्ष्म वनस्पतीप्लवक दुप्पट झाले. मग कोपेपॉड नावाच्या इवल्या जिवांनी त्यांचा फडशा पाडला आणि त्या कोपेपॉडना कोळंबीसारखे दिसणारे अँफिपॉड खाऊ लागले. काचेसारखं कवच असलेले डायटम नावाचे प्लवक मात्र वाढलेच नाहीत, कारण कवचाला लागणारी सिलिका त्या पाण्यात संपत आली होती. म्हणजे शेतात युरिया भरपूर आणि पालाश नाही, तसं.

मला जास्त भरवसा देवमाशांवर वाटतो. त्यांच्या विष्ठेत भरपूर लोह असतं, आणि ती पृष्ठभागाजवळच पडते, जिथे प्लवकांना ऊन मिळतं. विसाव्या शतकात अंटार्क्टिकाभोवती लाखो देवमासे मारले गेले, तेव्हा हे खतही गेलं. उरलेले जपणं हे आधी करायला हवं.