लहान मुलांना कीबोर्ड शिकवताना

पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पाय लटकत असतील तर खाली पाट ठेवा, आणि कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल अशी खुर्ची द्या. खुर्ची बुटकी असली की मनगट खाली जातं, बोटं सपाट पडतात.

पट्ट्यांवर सारेगमचे स्टिकर कृपया लावू नका. मूल स्टिकर वाचतं, पट्टी ओळखत नाही. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी, तो आपला सा. कीबोर्डवरचे सगळे सा त्यालाच शोधू द्या. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ते सहा असतात; सहावा हमखास राहतो, कारण तो शेवटची पट्टी आहे आणि त्याच्या उजवीकडे काळ्या पट्ट्याच नाहीत.

उजव्या हाताचा अंगठा १, करंगळी ५. सा ते प पाच बोटांत बसतात. सुरुवातीला एवढंच पुरे. सारेग, रेगम, गमप आधी गाऊन घ्या, मग मेट्रोनोम (एकसारखी टिकटिक देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर, ठेवून वाजवा. ऑटो रिदम, म्हणजे कीबोर्डमधला आपोआप वाजणारा ताल, बंदच ठेवा, त्यात लय चुकलेली ऐकूच येत नाही.

खरी अडचण पूर्ण सप्तकाला येते. ग मधल्या बोटाने वाजला की अंगठा त्याखालून म वर न्यायचा असतो. मुलं तो उशिरा हलवतात, कोपर बाहेर फेकतात आणि म दणकन वाजतो. रे वाजतानाच अंगठा आत सरकवायला सांगा, आणि फक्त रे-ग-म घोटून घ्या.