छातीत जळजळ होत नाही, तरी डॉक्टर 'सायलेंट रिफ्लक्स' म्हणतात. माझा सायनसचा त्रास त्यामुळेच असेल का?

असू शकेल. पण मुळात तो सायनसच आहे का, हे आधी बघा. माझी तीन वर्षं त्यातच गेली.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. सारखं खाकरायचं, नाकामागून घशात काहीतरी उतरतंय असं वाटायचं, सकाळी आवाज बसलेला. 'सायनस' म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स झाले, वाफारे झाले, स्प्रे झाले. शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सीटी स्कॅन करायला लावला, तर सायनस स्वच्छ! मग नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. स्वरयंत्राची मागची बाजू लाल, सुजलेली. नुसत्या लालीवरून पक्कं निदान होत नाही, खाकरून खाकरूनही ती येते, हेही त्यांनीच सांगितलं.

सायलेंट रिफ्लक्समध्ये होतं असं की पोटातलं पित्त अन्ननलिकेची वरची झडप ओलांडून घशापर्यंत येतं. अन्ननलिकेला आम्ल थोडंफार सोसतं, स्वरयंत्राला अजिबात नाही. त्यामुळे छातीत जळजळ व्हायच्या कितीतरी आधी घसा बिघडतो. सोबत पेप्सिन नावाचं पाचकद्रव्य येतं, ते घशाच्या अस्तरात दडून बसतं आणि पुढच्या आंबट घोटाला पुन्हा जागं होतं. घसा बिचारा बचावासाठी कफ तयार करतो आणि आपल्याला वाटतं तो नाकातून उतरला.

आता सायनसचं. पित्ताचे सूक्ष्म कण नाकाच्या मागच्या भागापर्यंत पोचतात किंवा अन्ननलिकेतल्या मज्जातंतूंमुळे नाक चोंदतं, असे दोन तर्क आहेत. दोन्ही त्रास एकाच माणसाला असलेले बरेचदा दिसतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला घट्ट पिवळा शेंबूड येत असेल, वास येत नसेल, गाल-कपाळ जड होत असेल, तर सायनसचे उपचार वेगळे घ्या. सगळं पित्ताच्या माथी मारू नका.

गोळ्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. ब्रिटनमध्ये घशाच्या अशाच जुनाट तक्रारी असलेल्या ३४६ जणांवर लॅन्सोप्राझोल या पित्ताच्या गोळीची चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: १६ आठवड्यांनंतर खरी गोळी आणि औषध नसलेली खोटी गोळी यांत फरक नाही. ही गोळी आम्ल कमी करते, पण पोटातलं वर यायचं थांबवत नाही. तरी डॉक्टरांनी दिली असेल तर जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या (मी कित्येक महिने जेवणानंतर घेत होते!), आणि मनाने एकदम बंद करू नका, पित्त उसळतं.

मला उतार पडला तो रात्रीच्या जेवणाने. शाळा, मग शिकवण्या, जेवायला पावणेदहा आणि साडेदहाला आडवं. ते जेवण साडेसातवर आणलं. निजण्याआधी तीन तास पोटात काही नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "पलंग घाटात नेऊन ठेवलायस का गं?" नुसत्या उशा रचून भागत नाही, पोट दुमडतं आणि उलट दाब येतो. झोपायचं डाव्या कुशीवर. वामकुक्षी या शब्दातच कूस सांगितलेली आहे, फक्त आपण ती पोटभर जेवून लगेच घेतो, तिथे गडबड होते.

आणि पुदिन्याच्या गोळ्या! घशासाठी म्हणून मी वर्गात दिवसभर चघळायची. पुदिन्याने जठराच्या तोंडाची झडप सैल पडते हे नंतर कळलं. आता खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घेते. दुपारचा दुसरा चहा, रात्रीचं तळण, चिंचेची आमटी सुटली. सोलकढी सोडताना मात्र जीवावर आलं.

पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, दोन महिन्यांनी आवाज मोकळा झाला. धीर धरा. पण गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, थुंकीत रक्त किंवा मानेत गाठ असेल, आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच असेल, तर विटा रचत बसू नका, आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल तर याच आठवड्यात.

लग्नाच्या पंगतीत रात्री अकराला जेवले की अजूनही मी दोन दिवस खाकरत असते.